कुलाब्याहून कुलाब्याला

मराठी माणसाला ‘कुलाबा’ म्हटले की दोन जागा आठवतात. एक मुंबईच्या दक्षिण टोकाची, बंदर आणि लष्करी वस्तीची. दुसरी अलिबागच्या समुद्रातली : शिवछत्रपतींनी बांधायला घेतलेला, आंग्र्यांच्या आरमाराने गाजवलेला जलदुर्ग. आजचा रायगड जिल्हा १९८१ सालापर्यंत त्याच्याच नावाने ओळखला जाई. या दोन कुलाब्यांमध्ये सरळ रेषेत अंतर जेमतेम तीस किलोमीटर. विसाव्या शतकाच्या आरंभी काही लोहचुंबक हे अंतर ओलांडून पहिल्या कुलाब्याहून दुसऱ्या कुलाब्याला राहायला गेले. त्यांना घर सोडायला लावले ते मुंबईच्या विजेवरच्या ट्रामने.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या जन्माची ही हकीगत विज्ञानाच्या इतिहासात सहसा दोन ओळींत उरकली जाते. तिच्याकडे पुन्हा वळण्याचे कारण आजचे आहे. क्वांटम भौतिकी, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्ही शास्त्रांतले संशोधक गेली काही दशके एकाच कोड्याभोवती जमले आहेत : पृथ्वीचे इतके क्षीण चुंबकत्व एखाद्या सजीवाला जाणवते तरी कसे? या शोधात जर्मनीतल्या काही पक्ष्यांवर अगदी तोच प्रसंग ओढवला, जो शतकापूर्वी मुंबईतल्या चुंबकांवर ओढवला होता. तो प्रसंग नीट कळण्यासाठी आधी जुनी गोष्ट सांगायला हवी.

वेधशाळेतले पहिले दिवस

ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली उभारली ती खगोलवेधांसाठी आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. चुंबकीय वेध १८४१ साली सुरू झाले. त्यामागची प्रेरणा युरोपातली होती. गटिंगेनच्या कार्ल फ्रीडरिख गाउसने दाखवून दिले होते की पृथ्वीचे चुंबकत्व समजून घ्यायचे तर एका जागी कितीही काळजीपूर्वक मोजून भागणार नाही. जगभर अनेक ठिकाणी एकाच क्षणी मोजायला हवे. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ही कल्पना उचलली, साम्राज्यभर चुंबकीय वेधशाळा काढण्याची मोहीम घेतली आणि कंपनीने आपल्या वाट्याला मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई ही ठाणी घेतली. घड्याळे गटिंगेनच्या वेळेशी जुळवली गेली. बाकीच्या ठाण्यांचा उत्साह काही वर्षांत ओसरला. मुंबईचे काम मात्र चालू राहिले, आणि पुढची सगळी गोष्ट घडली ती या चालू राहण्यामुळे.

या पहिल्या काळात वेधशाळेची सूत्रे एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांच्याकडे होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ तिचा कारभार सांभाळला. मराठी वृत्तपत्राचा जनक म्हणून त्यांना सगळे ओळखतात. गणित आणि ज्योतिष शिकवणारा आणि वेधशाळेचे आकडे तपासणारा हा माणूस सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याच दशकात एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तिथे नोकरीला लागला : केरो लक्ष्मण छत्रे. हे केरूनाना मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. पुढे पुण्यात प्राध्यापक झाले, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिली, आणि लोकमान्य टिळकांसारखा विद्यार्थी घडवला. त्यांच्या गणिताचा हात वळला तो कुलाब्याच्या वेधशाळेत. नागावहून कुलाब्याला गेलेल्या या मुलाच्या मागून साठ वर्षांनी ती वेधशाळाच उलट वाटेने त्याच्या गावाशेजारी येणार होती.

ते काम होते तरी कसे? गाउसच्या पद्धतीत धाग्याला टांगलेली चुंबकपट्टी असते, तिला आरसा जोडलेला असतो आणि थोड्या अंतरावर मांडलेल्या दुर्बिणीतून त्या आरशात एका मोजपट्टीचे प्रतिबिंब दिसते. पट्टी केसाएवढी वळली तरी प्रतिबिंबातला आकडा बदलतो. तो आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, तासाने पुन्हा वाचायचा. रात्री, पावसात, सणावारीसुद्धा. या कामात शोध लागल्याचा आनंद वर्षानुवर्षे मिळत नाही. मिळते ती फक्त वही.

२ सप्टेंबर १८५९

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत होता. अचानक डागांच्या एका पुंजक्यावर दोन पांढरेशुभ्र ठिपके झळाळले आणि काही मिनिटांत विझले. त्याच वेळी रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही ते पाहिले. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. एरवी ध्रुवांजवळ दिसणारा ध्रुवीय प्रकाश उष्ण कटिबंधापर्यंत उतरला. तारायंत्रे बिघडली, काही ठिकाणी बॅटरी काढून ठेवली तरी तारांमधून संदेश जात राहिले, कारण खुद्द जमिनीतच प्रवाह वाहू लागले होते.

लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत तेव्हा प्रकाशलेखनाची आधुनिक सोय होती : चुंबकावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या संवेदनशील कागदावर रेघ काढी. वादळ एवढे मोठे होते की ठिपका कागदाच्या बाहेर गेला आणि रेघ तुटली. कुलाब्याला अशी सोय नव्हती. तिथे डोळे आणि वही होती. वेधशाळेचे प्रमुख भारतीय नौदलाचे लेफ्टनंट फर्ग्युसन होते. पट्टी बेभान झाल्याचे दिसताच तासाऐवजी पंधरा मिनिटांनी, मग पाच मिनिटांनी वाचन घेतले गेले. दुपार होण्याच्या आत पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर भाग सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आला, आणि नंतर झपाट्याने सावरला. या भागात पृथ्वीचे एकूण क्षेत्र सुमारे ४३,००० नॅनोटेस्ला असते आणि रोजचा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचा असतो, एवढे सांगितले की त्या दिवसाचे रूप ध्यानात येईल.

आकडा वहीत गेला, वही छापली गेली आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षे तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. मग २००३ साली अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेस आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी या नोंदी बाहेर काढल्या. विषुववृत्ताच्या बाजूच्या अक्षांशावरची, ध्रुवीय प्रवाहांच्या गोंधळापासून दूर असलेली आणि मधेच न तुटलेली अशी ही नोंद होती. तिच्या आधारे त्यांनी वादळाची तीव्रता उणे १७६० नॅनोटेस्ला काढली. पुढे इतरांनी हे गणित पुन्हा केले. एका तासाची सरासरी घेतली तर आकडा उणे ८५० च्या आसपास येतो, असा एक प्रतिवाद २००६ साली आला. वाद अजून आहे; पण दोन्ही बाजू भांडतात त्या कुलाब्याच्या त्याच वहीवरून. मार्च १९८९ मध्ये कॅनडातला क्वेबेक प्रांत नऊ तास अंधारात गेला, त्या वादळाची तीव्रता उणे ५८९ होती. म्हणजे वीजजाळ्यांना आणि उपग्रहांना जास्तीत जास्त किती मोठ्या तडाख्याची तयारी ठेवावी लागेल, या प्रश्नाचे एक प्रमुख उत्तर मुंबईतल्या पगारी निरीक्षकांनी पाच-पाच मिनिटांनी लिहिलेल्या आकड्यांत आहे.

ट्राम आली

१८९६ साली डॉ. नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. लवकरच त्यांच्यापुढे आधीच्या कोणापुढे न आलेला प्रश्न उभा राहिला. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या; आता त्या विजेवर चालवण्याचे ठरत होते. ट्रामला वीज वरच्या तारेतून मिळते आणि प्रवाह रुळांतून परत जातो. पण रुळ जमिनीला टेकलेले असतात. त्यामुळे परतीचा काही प्रवाह ओलसर जमिनीत झिरपतो आणि वाट मिळेल तसा भटकतो. प्रवाह आला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र आलेच. ट्राम सुटली, थांबली, चढ चढली, की वेधशाळेतली पट्टी हलणार. मग सूर्याने हलवलेली कोणती आणि ट्रामने हलवलेली कोणती, हे कोण सांगणार?

मूस यांनी शहराला अडवले नाही. ट्राम हवी हे त्यांनाही मान्य होते. त्यांनी एवढाच आग्रह धरला की ट्राम येण्याआधी चुंबकांना दुसरे घर मिळाले पाहिजे. शोध घेताघेता अलिबाग ठरले : मुंबईपासून फार दूर नाही, म्हणजे जुन्या नोंदींशी नाते तुटणार नाही, आणि मधे समुद्र, म्हणजे ट्रामचा प्रवाह तिथवर येणार नाही.

घर बांधायचे तरी कशाचे? कोकणातला काळा दगड बसाल्ट आहे. लाव्हा थिजताना त्यातल्या लोहखनिजांत पृथ्वीचे चुंबकत्व कोरले जाते, म्हणून त्याच्या भिंती वेधांत लुडबुड करणार. यासाठी चुंबकत्व नसल्याची खात्री करून पोरबंदरचा दगड आणला गेला. अशा इमारतीत लोखंडाचा खिळादेखील चालत नाही. बिजागरीपासून कडीपर्यंत सारे पितळेचे आणि तांब्याचे.

अलिबागचे काम १९०४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले. पण कुलाब्याचे लगेच बंद केले गेले नाही. १९०६ च्या मार्चपर्यंत, पुरी दोन वर्षे, दोन्ही कुलाब्यांत एकाच वेळी वेध घेतले गेले, म्हणजे एका ठिकाणच्या आकड्यांचे दुसऱ्याच्या आकड्यांत रूपांतर कसे करायचे हे कायमचे ठरून गेले. मगच कुलाब्याचे चुंबक थांबले. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली, तेव्हा चुंबक अलिबागला स्थिरावले होते. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी मूस यांनी १९१० साली दोन खंडांत प्रसिद्ध केल्या.

मला या सगळ्या प्रकरणात ती दोन समांतर वर्षे सर्वांत मोलाची वाटतात. नवी इमारत कोणीही बांधील. जुनी आणि नवी नोंद शिवून एक करण्यासाठी दुप्पट माणसे, दुप्पट खर्च आणि दोन वर्षांची सबुरी लागते. आणि हिशेब करणाऱ्या सरकारी खात्याला हा खर्च पटवून द्यावा लागतो. १८४१ पासून आजपर्यंत अखंड मानता येणारी नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे. ती इथे आहे.

चुंबकपट्टीची जागा प्रोटॉनने घेतली

नवे भौतिकशास्त्र वेधशाळांत शिरले ते एका साध्या बाटलीतून. पाणी किंवा रॉकेलसारख्या द्रवात हायड्रोजनचे असंख्य अणू असतात आणि प्रत्येकाच्या केंद्रात एक प्रोटॉन. प्रोटॉनला ‘स्पिन’ नावाचा क्वांटम गुणधर्म असतो. त्यामुळे तो स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. कलंडलेल्या भोवऱ्याचा अक्ष जसा उभ्या रेषेभोवती गिरकी घेतो, तसा हा प्रोटॉन बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राभोवती गिरकी घेतो, आणि गिरकीचा वेग फक्त त्या क्षेत्राच्या तीव्रतेवर अवलंबून असतो. अलिबागच्या क्षेत्रात हा वेग सेकंदाला सुमारे १८०० फेऱ्या येतो, म्हणजे आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या सुराच्या पल्ल्यातला. १९५० च्या दशकात या तत्त्वावर मापक तयार झाले. पट्टी झिजते, धागा पिळला जातो, यंत्रागणिक फरक पडतो. प्रोटॉन मात्र जगभर सारखाच. मोजायच्या असतात त्या फक्त फेऱ्या.

त्यातही एक रासायनिक भर पडली. अल्बर्ट ओव्हरहाउसर याने १९५३ मध्ये असे भाकीत केले की इलेक्ट्रॉनांचे स्पिन चाळवले तर त्यांची शिस्त शेजारच्या अणुकेंद्रांकडे जाते. ते आधी अशक्य वाटले, लवकरच खरे ठरले. म्हणून आजच्या ओव्हरहाउसर मापकांच्या द्रवात ‘मुक्त मूलक’ मिसळतात : जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन बाळगणारे रेणू. त्यांच्यामुळे प्रोटॉनांचा सूर कितीतरी ठळक ऐकू येतो. हा जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन वाचकांनी लक्षात ठेवावा. तो आपल्याला आता पक्ष्याच्या डोळ्यात भेटणार आहे.

रॉबिनचा डोळा, कासवाचा नकाशा

युरोपातला रॉबिन हा चिमणीएवढा पक्षी रात्री स्थलांतर करतो. १९६० च्या दशकात फ्रँकफर्टच्या वोल्फगांग विल्चको यांनी दाखवले की बंद खोलीत, आकाश दिसत नसतानाही तो योग्य दिशेला झेपावू पाहतो, आणि कृत्रिम चुंबकीय क्षेत्र वळवले की त्याची दिशाही वळते. पण अडचण ऊर्जेची होती. पृथ्वीचे क्षेत्र एका इलेक्ट्रॉनवर जेवढा प्रभाव टाकते, त्याच्या दहा लाख पटींहूनही अधिक खळबळ शरीराच्या साध्या उष्णतेमुळे रेणूंत चाललेली असते. वादळात कुजबुज ऐकू यावी कशी?

१९७८ साली क्लाउस शुल्टेन आणि सहकाऱ्यांनी एक मार्ग सुचवला. प्रकाशाच्या आघाताने एखाद्या रेणूतला इलेक्ट्रॉन उडी मारून दूर गेला, तर मागे आणि पुढे जोडीदार नसलेला एकेक इलेक्ट्रॉन राहतो. या मूलकजोडीचे स्पिन काही काळ क्वांटम नियमांनी एकमेकांशी बांधलेले राहतात आणि दोन अवस्थांमध्ये झुलतात. कोणत्या अवस्थेत किती वेळ जातो यावर पुढची रासायनिक क्रिया ठरते, आणि हा झोका अगदी दुबळ्या क्षेत्रानेही बदलतो. क्षेत्राला रेणू ढकलायचा नसतोच. झोक्याची लय थोडी बदलली की पुरते. २००० साली शुल्टेन यांच्यासह काही संशोधकांनी हे डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम या प्रथिनात घडत असावे असे मांडले. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये ऑक्सफर्ड आणि ओल्डेनबर्गच्या गटाने रॉबिनचे क्रिप्टोक्रोम-४ प्रयोगशाळेत तयार करून दाखवले की निळ्या प्रकाशात ते चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देते, आणि स्थलांतर न करणाऱ्या कोंबडी व कबुतरांच्या त्याच प्रथिनापेक्षा अधिक.

याने प्रश्न सुटला असे मात्र नाही. प्रयोग परीक्षानळीत झाला, जिवंत डोळ्यात नव्हे. २०२३ मध्ये ओल्डेनबर्ग आणि ऑक्सफर्डच्याच काही संशोधकांनी लाखाहून अधिक फळमाश्या तपासल्या आणि त्यांच्यात चुंबकीय संवेदना असल्याचा आधीचा दावा आढळत नसल्याचे जाहीर केले. विज्ञानाची ही बाजूही सांगायलाच हवी.

आता तो प्रसंग. ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या आवारात लाकडी खोपट्यांत ठेवलेले रॉबिन दिशाच धरीनात. अनेक प्रयत्न झाले. अखेर भिंतींना अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीला जोडले, आणि पक्षी ताळ्यावर आले. जमिनीशी असलेली जोडणी तोडली की पुन्हा भरकटत. दोषी होता तो शहरातल्या विद्युत उपकरणांचा आणि मध्यमलहरी रेडिओच्या पल्ल्यातला विद्युतचुंबकीय गोंगाट. शहराबाहेर, उपकरणांपासून दूर गेले की पत्र्यांशिवायही त्यांना दिशा सापडे. कित्येक वर्षांचे हे काम २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. मूस यांनी हे वाचले असते तर त्यांना त्यात नवल वाटले नसते. ट्रामने पट्टीचे जे केले असते, तेच शहराने पक्ष्याचे केले.

रायगड किनाऱ्यावर या संशोधनाचे आणखी एक टोक येऊन पोचते. हरिहरेश्वर आणि दिवेआगरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालतात. लॉगरहेड जातीच्या कासवांवर अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत असे दिसले की त्यांना जागेची चुंबकीय खूण ओळखता येते. २०२५ मध्ये ‘नेचर’मधल्या एका अभ्यासात तर ज्या चुंबकीय खुणेपाशी खाऊ मिळतो ती कासवे लक्षात ठेवतात असे आढळले. रेडिओ लहरींनी त्यांची दिशेची जाण बिघडली, पण जागेची ओळख टिकली. म्हणजे होकायंत्र आणि नकाशा अशा दोन वेगळ्या यंत्रणा त्यांच्याकडे असाव्यात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पृथ्वीचे क्षेत्र वर्षागणिक किंचित सरकते तशा कासवांच्या घरट्यांच्या जागाही सरकतात, असेही २०१५ च्या एका अभ्यासात दिसून आले. हे सरकणे अचूक कळते कोणाला? जिथे एकाच ठिकाणी शतकभर मोजलेले असते त्या वेधशाळेला.

शांतता कोणाच्या खात्यावर

१९७१ साली कुलाबा-अलिबागच्या परंपरेतून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. आज तिचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे. म्हणजे चुंबकांच्या मागोमाग संस्थाही रायगड जिल्ह्यात आली. मे २०२४ मध्ये दोन दशकांतले सर्वांत मोठे चुंबकीय वादळ आले आणि लडाखच्या हानलेहून ध्रुवीय प्रकाश दिसला, तेव्हा त्याची तुलना कशाशी करायची हे आपल्याला माहीत होते. कारण १८५९ ची वही होती, आणि तिच्यापासून आजपर्यंतची साखळी तुटलेली नव्हती.

त्याच वर्षी जानेवारीत अटल सेतू खुला झाला. त्याआधी २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट जाऊ लागली होती. मुंबई अलिबागच्या जवळ येते आहे. रस्ते हवेत, वीज हवी, रोजगार हवा. मूस यांना ट्राम हवीच होती तसे. पण १९०४ मध्ये समुद्र ओलांडला की शांतता मिळत असे. आज वाहन, तार, मनोरा, किनाऱ्यावरचा झगमगाट ओलांडून जायला तिसरा कुलाबा उरलेला नाही. आपण रेल्वे, कारखाना किंवा वसाहत आखताना पाण्याचा, झाडांचा, हवेचा हिशेब निदान कागदावर मांडायला शिकलो आहोत. चुंबकीय शांततेचा रकाना त्या कागदावर नसतो. ती दिसत नाही, तिला वास नाही, ती गेल्याची तक्रार कोणी करत नाही. ती गेल्याचे कळते ते वेध घेणाऱ्याला, आणि बहुधा एखाद्या पक्ष्याला.

मूस यांच्या काळातल्या सरकारला क्वांटम माहीत नव्हते, मूलकजोडी माहीत नव्हती, १८५९ च्या वहीचे पुढे काय होणार हेही माहीत नव्हते. तरी ट्रामच्या आराखड्यात चुंबकांच्या नव्या घराचा आणि दोन समांतर वर्षांचा खर्च बसला. उद्या अलिबागच्या शेजारी एखादा मोठा प्रकल्प आखला जाईल, तेव्हा त्याच्या कागदांत वेधशाळेचे नाव आधी यावे, हरकत म्हणून नंतर नव्हे, एवढे आपण मागू शकतो. त्यासाठी फार काही लागत नाही. १९०४ मध्ये जेवढी दूरदृष्टी होती, तेवढी पुरेल.